बिनदाराची खोली

आम्ही सगळे कचेरीतले जुने सोबती आता आपापल्या घरांत राहतो. कुणी नांदेडला, कुणी लातूरला, कुणी पोरांकडं पुण्याला. कुणाच्या घराला गच्ची आहे, कुणाच्या दारात गाडी आहे. पण एखाद्या लग्नात भेटलो, जेवणं झाली, पान तोंडात गेलं की गोष्टी निघतात त्या सगळ्या भाड्याच्या घराच्या. स्वतःच्या घरात सांगण्यासारखं काही घडतच नाही. नळाला पाणी येतं, दाराला कडी लागते, संपलं. भाड्याच्या घरात, आणि त्यातही मालक त्याच घरात राहत असला तर, साधी आंघोळ केली तरी तिची गोष्ट होते. अशा गोष्टी साचत जातात आणि एकानं तोंड उघडलं की मग थांबत नाहीत. माझ्याकडच्या तर सगळ्या एकाच घरातल्या आहेत, आणि एकाच खोलीतल्या.

*

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्या आधी उघडल्या, खुर्च्या मागून आल्या. आमच्या साहेबांना टेबल मिळालं त्या दिवशी आम्ही पेढे खाल्ले. नांदेड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सगळीकडून बदलीवाले आले होते आणि राहायला घर कुणालाच नव्हतं. ज्यांच्याकडं जास्तीची खोली होती त्यांनी ती भाड्यानं दिली. ज्यांच्याकडं नव्हती त्यांनी कडब्याची खोली झाडून दिली.

मी किनवट तालुक्यातल्या इस्लापूरचा, शिकलो नांदेडला. नाव सुभाष वाघमारे. वाघमारे म्हटलं की घरमालकाला अंदाज यायचा, पण खात्री व्हायची नाही. मग तो गाव विचारायचा, मग गावात घर कोणत्या अंगाला, मग सोयरीक कुठं कुठं. त्याची दमछाक बघून शेवटी मीच सांगायचो की आम्ही बौद्ध. तेव्हा त्याला एकदम आठवायचं की खोली तर कालच कुणाला तरी कबूल केली आहे. लातुरातल्या एवढ्या खोल्या 'कालच' गेल्या होत्या, की मला वाटायला लागलं, आपण एक दिवस आधी यायला पाहिजे होतं.

असा फिरत फिरत मी गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आप्पांच्या घरी गेलो. आप्पा म्हणजे अडतीवरचे जुने दिवाणजी, आता घरीच असायचे. कपाळाला भस्म, अंगात बंडी, ओसरीवर बाज टाकून बसलेले. मी वेळ वाचवावा म्हणून नमस्काराच्या आधीच सांगून टाकलं की मी बौद्ध आहे. आप्पांनी नुसती मान हलवली. मग त्यांनी नोकरी कुठं ते विचारलं. मी कचेरीचं नाव सांगितलं. त्यांनी शाखा विचारली. मी म्हणालो, टंचाई शाखा.

पावसानं दगा दिलेलं ते दुसरं साल होतं. अंगणातला आड तळाला गेला होता. आप्पा बाजेवरून उठले आणि आत तोंड करून म्हणाले, "अगं, च्या टाक. साहेब आलेत."

बाकीच्यांनी मला जात विचारली. आप्पांनी शाखा विचारली.

*

खोली चांगली होती. फक्त ती घराच्या बरोबर मध्ये होती. पुढं ओसरी आणि मालकाची खोली, मागं देवघर, सैपाकघर आणि न्हाणी, आणि मधल्या त्या रस्त्याला माझी खोली म्हणायचं. पुढच्या चौकटीला दार नव्हतं आणि मागच्या चौकटीलाही नव्हतं. दोन्हीकडं अक्कांची जुनी इरकली लुगडी पडदे म्हणून लावली होती. अक्का म्हणजे आप्पांच्या मंडळी. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची.

आप्पा पहाटे आंघोळीला जायचे ते माझ्या उशाजवळून, आणि आंघोळ करून ओल्या पंचानं पुढच्या खोलीत भस्म लावायला आणि तिथून परत देवपूजेला जायचे तेही. पहिल्या दिवशी मी दचकून उठून बसलो. आप्पा अंधारातून म्हणाले, "मी न्हाई, झोपा."

त्यांना म्हणायचं होतं, मी आहे, दुसरं कुणी नाही. पण रोज पहाटे एक माणूस खोलीतून जाताना स्वतः नसल्याचं सांगायचा आणि मी त्यावर विश्वास ठेवून झोपायचो.

संक्रांतीला तर गल्लीतल्या सगळ्या बायका हळदीकुंकवाला माझ्या खोलीतूनच आत गेल्या. मी तोंडाला साबण लावून दाढी करत होतो. उठावं तर कुठं जावं, म्हणून तसाच भिंतीकडं तोंड करून बसलो. परत जाताना प्रत्येकीनं माझ्या ट्रंकेवर थोडा थोडा तिळगूळ ठेवला.

*

माझ्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. आप्पांची एक सवय होती. पहाटे न्हाणीतून निघाले की वाटेत जे काही फ्रेममध्ये दिसेल त्याला हात जोडायचे. पुढच्या खोलीत वडिलांचा फोटो, मग बैलजोडीचं कॅलेंडर, मग देवघर. आता मध्ये माझी तसबीर आली. डोळ्यांत झोप, तोंडात स्तोत्र, आप्पांनी पहिल्या दिवसापासून तिलाही हात जोडले.

बऱ्याच दिवसांनी अक्कांच्या ते लक्षात आलं. त्यांनी आप्पांना विचारलं की हे कोण, माहीत तरी आहे का. आप्पांनी चष्मा लावून जवळ जाऊन बघितलं. मग जरा विचार केला आणि म्हणाले, "आता एवढे दिस जोडले, मधीच कसं सोडावं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम डोळे किलकिले करून बघत राहिलो. आप्पांनी हात जोडले.

*

वरच्या माळवदावर एक खोली होती. तिथं कुलकर्णी वकील राहायचे. निलंग्याचे, माझ्याच वयाचे, वकिली नवी, कोट जुना. आमची दोस्ती पहिल्याच आठवड्यात झाली, कारण दोघांनाही अंडी आवडत होती आणि त्या घरात अंडं हा शब्दही चालत नव्हता.

वकिलांना भाड्याच्या कायद्याचा फार अभिमान. आपल्या मराठवाड्याला तेव्हा अजून हैदराबादचाच भाडेकायदा लागू होता आणि वकील त्याची कलमं स्तोत्रासारखी म्हणायचे. मालकाला तोंडी घर खाली करून घेता येत नाही. पाणी तोडता येत नाही. भाडेकरूच्या जागेत विचारल्याशिवाय पाय ठेवता येत नाही. मी म्हणालो, माझ्या जागेत तर अख्खं घर पाय ठेवतं. वकील म्हणाले, हे सहन करू नका, आजच आप्पांना स्पष्ट सांगा, मी तुमच्या पाठीशी उभा राहतो.

आम्ही दोघं ओसरीवर गेलो. मी बोललो, चांगलं बोललो. खोली भाड्यानं दिली म्हणजे तिचा ताबा भाडेकरूचा असतो, असं सगळं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं की हे तुम्हाला कुणी शिकवलं. मी पाठीमागं बोट दाखवलं. मागं कुणी नव्हतं. वकील माळवदाच्या पायऱ्या चढून वर गेलेसुद्धा होते.

नंतर मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी पाठीशीच होतो. फक्त जरा वरच्या कोर्टात होतो."

*

अंडी आम्ही वकिलांच्या खोलीत स्टोव्हवर करायचो. वास जाऊ नये म्हणून आधी मूठभर उदबत्त्या लावायच्या. रविवारी तर माळवदावरून एवढा धूर निघायचा की अक्का शेजारणीला कौतुकानं सांगायच्या, वरचा वकील लई देवभोळा हाय, सुट्टीच्या दिवशीसुद्धा पूजा चुकवत न्हाई.

टरफलांचा प्रश्न राहायचा. उकिरड्यात टाकावीत तर अक्का उकिरडाही नजरेखालून घालायच्या. म्हणून वकील ती कागदात बांधून कोटाच्या खिशातून नेत आणि कोर्टाच्या वाटेवर फेकून देत. एक दिवस फेकायची विसरले. उलटतपासणी रंगात आली, घाम आला, रुमाल काढायला खिशात हात घातला आणि पुडी सुटून टरफलं जजसाहेबांसमोर टेबलावर पसरली. सगळं कोर्ट बघत राहिलं.

जजसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "वकीलसाहेब, याला पुरावा म्हणून निशाणी नंबर द्यायचा का?"

*

टंचाई शाखेत माझं काम काय होतं, तर आवक-जावक. टँकर मागायला आलेला प्रत्येक अर्ज माझ्याकडं यायचा, मी त्याच्यावर शिक्का मारायचो आणि तो पुढच्या टेबलावर सरकवायचो. माझ्या हातात शिक्का होता, पाणी नव्हतं. हे मी आप्पांना किती वेळा सांगितलं. ते हसून गल्लीतल्या लोकांना म्हणायचे, बघा, माणूस मोठा असला की असंच बोलतो.

गल्लीत माझा मान वाढत चालला. मी जाताना म्हातारे ओट्यावरून पाय खाली सोडायचे. तोपर्यंत ठीक होतं. पण एक दिवस एक टँकर रस्ता चुकून आमच्या गल्लीत शिरला. गल्ली अरुंद, पुढं बंद. ड्रायव्हरनं मागं घ्यायला बघितलं तर चाक गटारात रुतलं. गाडी भरलेली, हलेना. हलकी केल्याशिवाय निघणार नाही हे त्याच्या लक्षात यायच्या आत गल्लीतल्या बायकांच्या लक्षात आलं. घागरी, हंडे, पराती, दुधाचे कॅन, जे हाताला लागलं ते भरलं. आप्पांनी आडातसुद्धा पाणी ओतून ठेवलं.

मी तेव्हा कचेरीत होतो. संध्याकाळी घरी आलो तर ओसरीवर गल्ली जमलेली. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. मी जीव तोडून सांगितलं की माझा काही संबंध नाही, तो टँकर चुकून आला. सगळ्यांनी समजल्यासारख्या माना हलवल्या. आप्पा पुढं झुकून हळूच म्हणाले, "बरोबर हाय. तसंच सांगा सगळ्याला."

*

आता जरा वेगळं सांगतो. इतका मान होता, तरी माझा चहाचा कप ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. प्यायला पाणी मागितलं तर अक्का तांब्या वर धरून माझ्या ओंजळीत ओतायच्या. प्रेमानं ओतायच्या, पुरे का म्हणून विचारायच्या, पण वरून. मी ओंजळ करून प्यायचो. खोली मिळाली होती, आणि ती कशी मिळाली ते मला माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात माझी आई आली. इस्लापूरहून रेल्वेनं नांदेड, तिथून एस.टी.नं लातूर. आप्पांचा नियम होता की भाडेकरूचा पाहुणा दोन दिवस राहील. आईला मी तो नियम सांगितला. ती म्हणाली, "मी काई पाहुणी हाव का? मी माय हाव."

पहिल्याच दिवशी अक्कांनी तिला पाणी दिलं, तेही वरून. आईनं ओंजळ केली नाही. तहान नाही म्हणाली, आणि उन्हातून आलेली बाई तशीच बसून राहिली. अक्का तांब्या घेऊन आत गेल्या. मला वाटलं आता इथलं अन्नपाणी संपलं.

तोपर्यंत टँकरचं पाणी सरलं होतं आणि गल्लीच्या तोंडाशी एका बोअरवर पाणी सुरू होतं. तिथं पहाटेपासून रांग लागायची. अक्कांचे गुडघे गेलेले, त्यांना रांगेत उभं राहवेना. घरात प्यायला पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आई कुणालाही न सांगता अक्कांची पितळी घागर घेऊन गेली. तिथं म्हणे ती दोन बायकांशी भांडली, गावाकडच्या भाषेत. आप्पांची घागर ओळखून कुणीतरी विचारलं की तू कोण, तर म्हणाली, "मी त्या घरची हाव."

मी उठलो तेव्हा आई भरलेली घागर कमरेवर घेऊन माझ्या खोलीतून आत चालली होती. मी तिच्या मागं गेलो. सैपाकघराच्या उंबऱ्यावर ती थांबली. आत अक्का चुलीपुढं बसल्या होत्या. मागून आप्पा आले. वकील माळवदावरून खाली आले आणि पायरीवरच थांबले. आईच्या कमरेवर घागर, अंगावरून पाणी निथळतंय, आणि अक्का नुसत्या घागरीकडं बघतायत.



मग अक्का म्हणाल्या, "तितं उंबऱ्यात नका ठेवू, कुणाचं तरी पाऊल लागंल. आत आणा. ह्या माठात वता."

आई आत गेली. माठात पाणी ओतलं. अक्कांनी त्यातलंच फुलपात्र भरून तिच्या हातात दिलं, आणि आई ते तिथंच बसून प्याली. बाहेर पायरीवर वकिलांनी उगाचच खोकला काढला.

आई महिनाभर राहिली. आप्पांनी एकदा भीत भीत अक्कांना पाहुण्यांच्या नियमाची आठवण करून दिली. अक्का म्हणाल्या, तो नियम बापय पाहुण्याला हाय, बाईला न्हाई. कोनाड्यातला कप कधी आत गेला ते मला कळलं नाही.

*

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मला नांदेडचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील शाळेत हेडमास्तर, शिस्तीचे. मुलगा कसा राहतो ते बघायला न कळवता आले. ते माझ्या कॉटवर बसून माझ्याशी बोलत होते तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि आप्पा ओला पंचा नेसून, हातात तांब्या घेऊन आले. मास्तर गडबडीनं उभे राहिले. आप्पांनी त्यांना बसा म्हटलं आणि स्वतःही ट्रंकेवर टेकले. मी जमीन फाटायची वाट बघत होतो.

मास्तरांनी अवघडून विचारलं की मुलाची वागणूक कशी आहे. आप्पा म्हणाले, "खोलीला दार न्हाई, बगा. हिकडूनबी न्हाई, तिकडूनबी न्हाई. दोन सालं झाली, पोरगं आमच्या डोळ्यापुडं हाय. काय असतं तर दिसलं असतं का न्हाई?"

मास्तरांनी दोन्ही चौकटी निरखून बघितल्या आणि होकार तिथंच दिला. माझं लग्न पत्रिकेवर नाही, त्या बिनदाराच्या खोलीवर जमलं.

*

पण जी खोली लग्न जमवायला चांगली होती ती लग्नानंतर राहायला कशी चालावी? मी आप्पांना म्हणालो की आता दार लागेल. आप्पांनाही ते पटलं. पण मग देवाला जायचं कुठून? दोन दिवस ते ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी तोड काढली. देवघरच पुढच्या खोलीत आणायचं आणि न्हाणी-सैपाकघराला बाहेरच्या बोळातून जायचं. अक्कांनीही मान हलवली. सुतार येऊन चौकटीचं माप घेऊन गेला.

ही बातमी औशाला पोचली. औशाला अक्कांचे धाकटे भाऊ बसप्पामामा असायचे. वाडवडिलांची शेती, बाजार समितीत वजन, आवाज त्याहून मोठा. भाडेकरूच्या सोयीसाठी बहिणीच्या घरातले देव हलवतायत, आणि भाडेकरू कोण, तर तो, हे ऐकून ते पुढच्याच एस.टी.नं आले. मला ते एक शब्द बोलले नाहीत, माझ्याकडं बघितलंही नाही. आप्पांना मात्र ओसरीवर बसवून सुनावलं की महिन्याच्या आत खोली खाली झाली पाहिजे.

आप्पा मेव्हण्याला भ्यायचे. संध्याकाळी माझ्याकडं येऊन खाली बघत म्हणाले की भाच्याला, म्हणजे मामांच्या पोराला, शिकायला ठेवायचं आहे, खोली लागेल. भाचा चौथीत होता आणि औशाला शाळा होती. लग्नाची तारीख धरलेली, हातात दुसरं घर नाही, आणि लातुरातल्या खोल्या अजूनही 'कालच' जात होत्या. मला आप्पांचा राग आला नाही. त्यांचं तोंड बघून वाईट वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

मी वर वकिलांकडं गेलो. ते म्हणाले, अजिबात हलायचं नाही, मालकाला स्वतःला जागा लागते म्हणायचं असेल तर रीतसर अर्ज करावा लागतो, पुरावा द्यावा लागतो, मी तुमचा वकील. मी खाली आलो. थोड्या वेळानं आप्पा पायऱ्या चढून वर गेले, कारण त्यांच्याही ओळखीचा वकील तोच एक होता. वकील त्यांना म्हणाले, काळजी करू नका, मी तुमचा वकील.

मी दुसऱ्या दिवशी विचारलं की हे कसं काय. वकील म्हणाले, "दोन्ही बाजू माझ्याकडं आहेत म्हणून तर तुम्ही घरात आहात. दुसऱ्या वकिलाकडं गेले असते तर निकाल लागला असता."

खरंच होतं. दर आठवड्याला आप्पा वर जायचे, वकील त्यांना पुढच्या सोमवारी बघू म्हणायचे, आणि आप्पा हलक्या मनानं खाली यायचे. मला वाटतं, त्यांनाही तेच हवं होतं. सोमवारमागून सोमवार गेले. मामांचा महिना उलटून गेला. सुताराला मात्र कुणी पुन्हा बोलावलं नाही.

*

आता ही शेवटची.

एक दिवस मी कचेरीतून घरी आलो तर गल्लीच्या तोंडाशीच लोक माझ्याकडं बघून बाजूला व्हायला लागले. पुढं गेलो तर माझं सगळं सामान रस्त्यावर होतं. कॉट, ट्रंक, स्टोव्ह, पुस्तकं, भिंतीवरची तसबीर, सगळं. बसप्पामामा सकाळीच औशाहून आले होते आणि मी गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक वस्तू बाहेर काढली होती. आप्पांनी अडवलं म्हणे, पण पुरलं नाही. मामा आता ओसरीवर बाजेवर बसले होते, दार अडवून.

मी काय करणार होतो ते मला माहीत नाही. ओरडणार होतो का सामान उचलून निघून जाणार होतो. पण आधी मला दुसरंच दिसलं. माझ्या कॉटच्या बाजूला, रस्त्यावर, तीन दगडांची चूल मांडलेली होती. तिच्यावर तवा होता. आणि अक्का पाटावर बसून भाकरी थापत होत्या. त्यांची परात, त्यांचा पिठाचा डबा, पाण्याचा माठ, सगळं त्यांनी घरातून बाहेर आणलं होतं. घरातली चूल विझवून आल्या होत्या.

त्यांनी मला नुसतं म्हटलं, "हात धुवा. बसा."

मी कॉटवर बसलो. त्यांनी ताट वाढलं, घरातलं, नेहमीचं. भाकरी, वरण, ठेचा. सगळी गल्ली ओट्यांवर उभी राहून बघत होती. त्या समोर बसून बघत होत्या म्हणून मी जेवलो. थोड्या वेळानं वकील कोर्टातून आले. त्यांनी एकवार सामानाकडं बघितलं. कोट काढून ट्रंकेवर ठेवला आणि माझ्या बाजूला बसले. अक्कांनी त्यांनाही वाढलं. मग आप्पा आतून बाहेर आले, मेव्हण्याच्या पायांना वळसा घालून, आणि खाली रस्त्यावर येऊन बसले. तेही मुकाट्यानं जेवले.

मामा ओसरीवर एकटे राहिले. त्यांनी सकाळपासून खाल्लं नव्हतं. भाकरीचा वास तिथपर्यंत जात होता. त्यांनी दोनदा हाक मारली, "अक्का." अक्कांनी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा त्यांचा आवाज लहान भावाचा होता. अक्का तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "घरात चूल न्हाई. जेवायचं आसंल तर हे सगळं सामान जितं होतं तितं नेऊन ठेव."

अक्कांनी पुढची भाकरी तव्यावर टाकली. मग बसप्पामामा उठले. पायऱ्या उतरून खाली आले. माझ्याकडं न बघता ट्रंक उचलली आणि डोक्यावर घेतली. ट्रंक जड होती, त्यांची मान आत गेली. मी हात लावायला उठलो तर अक्कांनी मला हातानं खाली बसवलं. मामा ओसरी चढून पुढच्या खोलीतून, रस्त्यावरून सरळ दिसणाऱ्या मधल्या चौकटीशी पोचले आणि पडदा बाजूला करून आत पाऊल टाकणार, एवढ्यात अक्का रस्त्यावरूनच म्हणाल्या, "थांब. आधी त्यांला इचार. खोली त्यांची हाय."

मामा थांबले. डोक्यावर ट्रंक घेऊन तसेच हळूहळू मागं वळले. ओसरीवरून, आप्पांवरून, वकिलांवरून, सगळ्या गल्लीवरून त्यांची नजर फिरली आणि पहिल्यांदाच माझ्यावर येऊन थांबली.

"साहेब," ते म्हणाले, "येऊ का आत?"